डाव्या चाकाचा नट

सर्व आप्तेष्टांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि आमच्या घराण्याविषयी ज्यांना उगाचच आदर वाटतो अशा समस्त सज्जनांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझ्या आयुष्याला वळण एका थोर पुरुषाने दिले असे जे मी आजवर तीन सत्कारांत आणि एका हळदीकुंकवाच्या भाषणात सांगितले, ते साफ खोटे होते. ते वळण एका नटाने दिले. नाटकातल्या नव्हे, गाडीच्या चाकातल्या. तो या क्षणी माझ्या टेबलावर वीजबिलांच्या गठ्ठ्यावर बसलेला आहे. आकाराने मोठ्या लिंबाएवढा, रंगाने काळा, आणि इतक्या वर्षांनंतरही त्याला रॉकेलचा वास येतो. मी त्याला देव्हाऱ्यात ठेवणार होते, पण आईने परवानगी दिली नाही. देवांना संकोच वाटेल म्हणाली.

आप्पा, म्हणजे माझे वडील, सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांनी आवळलेले नट नीट आवळलेत की नाही हे पाहायचं, आणि नीट असतील तर त्यांच्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची, हे त्यांचं काम. रेघ नटावर सुरू होऊन शेजारच्या लोखंडावर संपायची. नट पुढे केसभर जरी सैल झाला तरी रेघ मोडलेली दिसायची. असं काम दिवसाचे आठ तास करणारा माणूस घरी येऊन पेपर वाचत बसेल, अशी अपेक्षा करणारे लोक त्या माणसाच्या घरात राहत नसतात. आम्ही राहत होतो. आमच्या घरातला प्रत्येक नळ, प्रत्येक झाकण आणि प्रत्येक स्क्रू आप्पांच्या हाताखालून गेलेला होता. लोणच्याची बरणी त्यांनी एकदा बंद केली की पुढच्या कैऱ्या येईपर्यंत उघडत नसे, त्यामुळे आम्ही कायम एक वर्ष जुनं लोणचं खाल्लं आणि त्याचं श्रेय आईच्या हाताला मिळालं. माझा शाळेचा डबा उघडायला वर्गातल्या पाच मुली लागत. त्या दमल्या की शिपाईकाका, आणि शिपाईकाका रजेवर असले की मी उपाशी. संध्याकाळी भरलेला डबा परत आला की आप्पा विचारायचे, “पण सांडलं तर नाही ना?”

घरी पिवळा रंग नव्हता. घरी आईची नेलपॉलिशची बाटली होती. मावशीच्या लग्नासाठी तिने मेन रोडवरच्या दुकानातून हौसेने आणलेली, डाळिंबी रंगाची, आयुष्यातली पहिली. लग्नात एकदा लावली आणि कपाटात साड्यांच्या मागे जपून ठेवली. एका रविवारी आप्पांना ती सापडली. त्यांचा चेहरा, आई अजून सांगते, खजिना सापडलेल्या माणसासारखा झाला. त्या दिवसापासून आमच्या घरात पंख्याला, कुकरच्या मुठीला, कॉटच्या सोळा बोल्टांना, शिलाई मशीनला आणि न्हाणीघराच्या कडीला डाळिंबी रेघा आल्या. आईची नखं तेवढी कोरी राहिली. ती काही बोलली नाही. ती तेव्हा फारशी बोलायचीच नाही. तिचा राग आम्हाला भांड्यांवरून ओळखावा लागायचा. पातेलं आदळलं तर साधा राग, घटकाभरात जायचा. पातेलं अगदी हळूच, आवाज न करता ठेवलं, की मी आणि मांजर दोघंही मागच्या दाराने बाहेर पडायचो.

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि दिंडोरीच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. द्राक्षाच्या रसाची गोडी आणि आंबटपणा मोजायचा, वहीत लिहायचा, असं काम. पत्रात लिहिलं होतं, सोमवारी सकाळी आठला हजर व्हावे, न आल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. तो पुढचा उमेदवार माझ्याच वर्गातला होता आणि गोडी-आंबटपणातलं त्याला काहीही कळत नव्हतं, हे मला ठाऊक असल्याने माझी झोप उडाली होती. आता आप्पा पुरोगामी होते. म्हणजे ते नाही म्हणत नसत, अटी घालत. मुलीने दारूच्या कारखान्यात जाण्याला त्यांची हरकत नव्हती, एसटीच्या वेळा जमत नव्हत्या त्यालाही त्यांचा इलाज नव्हता, पण ज्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या मांडीवरसुद्धा माणूस बसवतात तिच्यातून त्यांची मुलगी जाणार नव्हती. ती जाईल तर घरच्या गाडीने जाईल. मला लायसन्स होतं. गाडीही होती, पांढरी, छोटी, आधीच्या दोन मालकांनी वापरून कंटाळलेली. मात्र वळवताना तिच्या पुढच्या चाकांतून कट्-कट्-कट् असा, कुणी सुपारी कातरत बसल्यासारखा आवाज यायचा. चाकांना फिरवणारे दोन दांडे, एक्सल म्हणतात त्यांना, ते झिजले होते. ते बदलल्याशिवाय गाडी गावाबाहेर न्यायची नाही, ही अट. नवे एक्सल आप्पांनी आणले होते. चार महिन्यांपूर्वी. ते वर्तमानपत्रात गुंडाळून कॉटखाली झोपवलेले होते आणि आई दर शनिवारी त्यांच्यावरून झाडू फिरवायची. गॅरेजात गाडी द्यायचा प्रश्नच नव्हता, कारण आप्पांच्या मते जगातली सगळी गॅरेजं गाढवांच्या ताब्यात होती.

पत्र शुक्रवारी आलं. शनिवारी सकाळी आप्पांनी बाह्या वर केल्या.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे गाडी जॅकवर उचलली. चाकाच्या मधोमध जो मोठा नट असतो, तो काढल्याशिवाय एक्सल बाहेर येत नाही. आप्पांनी त्याच्यावर टोपीसारखी बसणारी पान्याची गोटी लावली, तिला दांडा लावला, श्वास रोखला आणि जोर दिला. नटाबरोबर चाकही फिरलं. पुन्हा जोर दिला, पुन्हा चाक फिरलं. पाच-सहा वेळा हा पाळणा झाल्यावर मी म्हटलं, “आप्पा, गाडी खाली टेकवली आणि कुणी ब्रेक दाबून धरला तर?” आप्पांनी माझ्याकडे बघितलंच नाही. वीस मिनिटं चाक फिरवून झाल्यावर त्यांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, “मला एक कल्पना सुचलीय. गाडी खाली घेऊ. तू ब्रेक दाब.” उजव्या बाजूचा नट मग एका झटक्यात सुटला. दुपारपर्यंत उजवा एक्सल बसलासुद्धा. गिअरबॉक्समधून गळणारं तेल धरायला आईची जुनी परात घेतली होती, ती विचारून घेतलेली नव्हती, हे नोंदवून ठेवते. “बघ,” आप्पा म्हणाले, “हा नट ज्याने आवळला तो शहाणा माणूस होता. हवा तेवढाच आवळला.”

मग ते डाव्या चाकाकडे वळले, आणि तिथे आमचा इतिहास थांबला. डावा नट हलेना. आप्पा लोंबकळले, हलेना. मी ब्रेकवर दोन्ही पाय देऊन बसले होते आणि मला काचेतून फक्त आप्पांचं डोकं वर-खाली होताना दिसत होतं. डोकं वर आलं की ते म्हणायचं, “कोणत्या गाढवाने,” आणि खाली गेलं की, “आवळलाय हा.” गाढवाचा पत्ताही त्यांनी लगेच शोधला. त्या चाकाचं बेअरिंग तीन वर्षांपूर्वी, गाडी वाटेत अडल्यामुळे नाइलाजाने, पिंपळगावच्या एका गॅरेजात बदललं होतं. झालं, गाढव पिंपळगावचं. दुपारभर त्याच्या शिक्षणाचा, संस्कारांचा आणि मनगटाचा उद्धार चालला. “याला काय वाटलं, चाक पळून जाईल? अरे, नटाला त्याचा म्हणून एक ताण असतो. तो कळायला अक्कल लागते.” मी आत बसून पेडल दाबत सोमवारचा विचार करत होते.

आईने शेजारच्या घरातून फोन केला असावा, कारण संध्याकाळच्या गाडीने मनमाडहून रमेशमामा आला. मामा आईचा धाकटा भाऊ, रेल्वेच्या शेडमध्ये फिटर, आणि रेल्वेबाहेर लोखंड नावाची वस्तू अस्तित्वात आहे हे त्याला मान्य नव्हतं. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत बाळाच्या आकाराचा हातोडा होता. गाडीभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, “दाजी, आमच्याकडं इंजिनं खोलत्यात. ही तर काडेपेटी हाय.”

“मग काढ ना काडी,” आप्पा म्हणाले.

मामाने नट नीट न्याहाळला. म्हणजे जेवढा दिसत होता तेवढा, कारण त्यावर जुन्या ग्रीसचा आणि धुळीचा बोटभर थर बसून दगड झाला होता. मग त्याने निकाल दिला. “उजवीकडचा सुलट्या आट्याचा व्हता ना? मंग डावीकडचा उलट्या आट्याचा असणार. तुमी सकाळपासनं उलटं फिरवताय दाजी.” हे इतकं तर्कशुद्ध वाटलं की आप्पांनाही नाही म्हणता येईना. पुढचा अर्धा तास दोघांनी मिळून सगळी ताकद दुसऱ्या बाजूने लावली. अर्ध्या तासाने कळलं की आपण तो नट सोडवत नव्हतो, आणखी आवळत होतो. आता गाढवं तीन झाली, असं मी गाडीत बसून म्हटलं. मनात.

(माझ्या गॅरेजात आता शिकाऊ म्हणून येणारी पोरं हवेवर चालणारी गन लावून असा नट दोन सेकंदात ढर्र करून काढतात. मला त्यांची कीव येते. दोन सेकंदात माणसाचा स्वभाव कसा कळणार?)

रविवारी सकाळी नटाला रॉकेल पाजलं. मामाने छिन्नी लावून, नटाची कड एक्सलच्या खाचेत ठोकून बसवलेली असते ती उचकटून काढली. ती काढायलाच तासभर गेला. “ही कड लोकं एक ठोका मारून बसिवत्यात,” मामा म्हणाला, “यानं धा ठोके मारलेत. पिंपळगावचं नाय, हे तुरुंगातलं काम हाय.” आप्पांनी जोरात मान हलवली. हे त्यांचं मामाशी आयुष्यातलं पहिलं एकमत. नंतर दांड्याला हातभर पाईप लावला, आप्पा आणि मामा दोघंही त्याला लटकले, आणि दांडा केळीच्या सालीसारखा वाकला. नट होता तिथेच होता. आप्पा फरशीवर बसले. आतून उडदाच्या घुट्याचा आणि भाजल्या जाणाऱ्या बाजरीच्या भाकरीचा वास येत होता. खरं सांगायचं तर मला तेव्हाही शंका आली होती, आणि आता तर खात्रीच आहे, की आप्पा जेवढे दमले होते तेवढे दुःखी नव्हते.

“झालं,” ते म्हणाले. “कंपनीला कळवून टाकू. आजारपण आहे म्हणून लिहू.”

“कुणाचं?” मी विचारलं.

“नटाचं,” मामा म्हणाला.

“आप्पा, उद्या आठला हजर व्हायचंय. तुम्ही म्हणालात म्हणून गाडीसाठी थांबले मी. जीपने जाते नाहीतर.”

“जीपचं नाव काढायचं नाही. आणि मला काय विचारतेस? मी अडवलंय का तुला?” आप्पांनी दोन्ही हात आकाशाकडे केले. तेलाने माखलेले ते हात मला अजून दिसतात. “ज्या गाढवाने हा नट आवळलाय त्याला जाऊन विचार, जाऊ का म्हणून. तो हो म्हणाला तर खुशाल जा. जीपने जा, चालत जा. मी एक शब्द बोलणार नाही. चार माणसांसमोर सांगतो.”

चार माणसं मोजून होतीच. ते, मामा, मी, आणि स्वयंपाकघराच्या दारात हातात तवा घेऊन उभी असलेली आई. ती आत गेली. मी कान टवकारले. तवा ओट्यावर ठेवल्याचा आवाज आलाच नाही. मांजर उठलं आणि मागच्या दाराने निघून गेलं.

मग जेवायला बसलो. मामाने पाच भाकरी खाल्ल्या, दुःखात तो जास्त जेवतो. आप्पांनी हात धुतले, घड्याळ पाहिलं आणि दोन वाजता झोपायला गेले. रविवारी दोन ते साडेतीन आप्पा झोपत, आणि त्या वेळात आमच्याकडे बेलसुद्धा वाजवायची नसे. त्यांचं घोरणं सुरू झाल्यावर आई हात पुसत अंगणात आली. मामा पायरीवर बसून वाकलेल्या दांड्याकडे बघत होता.

“रमेश,” आई म्हणाली, “गच्चीवर टीव्हीच्या अँटेनाचा पाईप आहे. चालेल का?”

मामाने मान वर केली. “किती लांब?”

“धुण्याची दोरी बांधते ना त्याला. तुझ्या दुप्पट उंच आहे.”

“ताई, आन् दाजी उठले तर?”

“तू पाईप काढ.”

तो पाईप आप्पांनी स्वतः गच्चीवर बसवला होता. केबल आल्यावर अँटेना गेली, पण पाईप राहिला, त्याच्या तळाच्या चार बोल्टांवर डाळिंबी रेघा असल्यामुळे. ते चार बोल्ट काढायला मामाला अर्धा तास लागला आणि त्या अर्ध्या तासात त्याने मनमाड जंक्शनवर ऐकलेले सगळे शब्द वापरले. दुसरा जाड दांडा त्याच्या पिशवीत होता. तो गोटीत बसवून त्यावर पाईप चढवला, तेव्हा पाईपचं दुसरं टोक थेट फाटकापाशी गेलं. मामाने गोटी चाकात दाबून धरायची, मी पाईपवर चढायचं, हे ठरलं. ब्रेक दाबायला माणूस उरला नाही. मी आईकडे पाहिलं.

आई त्या गाडीत पुढच्या सीटवर कधी बसली नव्हती. मागेच बसायची, मांडीवर पिशव्या घेऊन. तिने चप्पल बाहेर काढली, देवळात शिरल्यासारखी आत शिरली आणि स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला. “कुठला?” तिने विचारलं. मी सांगितलं, मधला. तिने दोन्ही पाय मधल्या पेडलवर ठेवले, पाठ सीटला रेटली आणि असा दाब दिला की गाडी जरा खाली बसल्यासारखी मला वाटली. जोडवी पेडलवर कर्र वाजली. इतक्या वर्षांत काय काय दाबून ठेवलं असेल बाईने, तो सगळा सराव कामी आला.

मी पाईपच्या टोकावर उभी राहिले. पाईप वाकला, नट नाही. “नाच,” मामा खालून म्हणाला. मी एकदा उडी मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या वेळी मला यादीतला पुढचा उमेदवार आठवला आणि मी जी काही उडी मारली, ती पुन्हा या जन्मात होणे नाही. कडाड असा आवाज झाला. गल्लीतली कुत्री भुंकली, समोरच्या घरातली काकू गॅलरीत आली, मी फाटकावर आदळले आणि मामा चाकापासून ओरडला की एकतर नट सुटलाय नाहीतर त्याचा हात.

आप्पा बनियन-पायजम्यावर बाहेर आले. “काय पडलं? अँटेना पडली का?” मग त्यांनी पाईप पाहिला, स्टिअरिंगच्या मागे बसलेली आई पाहिली, आणि यातल्या कशावर आधी बोलावं हे न सुचल्याने ते नटाकडे वळले. त्यांनी दांड्याला दोन बोटं लावली. नट मुकाट्याने फिरला. आप्पांचा चेहरा क्षणभर पडला, पण ते तपासणी खात्यातले होते, सावरले. “काल मी जोर लावला ना, तेव्हाच तो ढिला झाला होता,” ते म्हणाले. “तुम्ही फक्त शेवटचा हात लावलात.” आणि त्यांनी मोठ्या शांतपणे, समारंभात फीत कापावी तसे, उरलेले वेढे स्वतः काढले आणि नट तळहातावर घेतला.

इथे ते थांबते तर आमचा इतिहास वेगळा झाला असता. पण त्यांच्या हातात पुरावा होता आणि समोर, काकू धरून, चार श्रोते होते. “आता बघा,” ते म्हणाले. “इकडे या सगळे. रमेश, तूही बघ. गाढवाचं काम कसं असतं ते एकदा डोळ्यांनी बघून घ्या.” आई गाडीतून उतरून आली. तिचं लक्ष परातीकडे होतं, तिच्यात काळं तेल आणि रॉकेल साचलं होतं. आप्पांनी नट त्या परातीतल्या रॉकेलमध्ये बुडवला आणि चिंधीने घासायला सुरुवात केली. “हे ठोके बघा. दहा. याला दिसतं का काही? याच्या हातात नट द्यायची परवानगी कुणी दिली? अशा माणसाला आमच्या खात्यात एक दिवस ठेवला नसता.” ग्रीसचा थर सुटत गेला. काळं गेलं, मग तपकिरी गेलं. आप्पा बोलत होते, घासत होते, आणि मग घासता घासता त्यांचं बोलणं कमी झालं. घासणंही थांबलं. त्यांनी नट हळूच उलटा केला आणि मुठीत झाकला.

“बघू,” आई म्हणाली.

“काही नाही. साफ झाला आहे.”

आईने हात पुढे केला तो मागे घेतला नाही. आप्पांनी मूठ उघडली. आईने नट घेतला, पदराने पुसला, उजेडात धरला. नटाच्या तोंडावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, नेटकी, हात जराही न हललेली डाळिंबी रेघ होती. तिने अंगठ्याचं कोरं नख त्या रेघेशेजारी ठेवून पाहिलं, बांगड्या घेताना मापाची बांगडी धरून बघतात तसं. मामाने तोंडात पंचा कोंबला. समोरची काकू गॅलरीतून अर्धी बाहेर आली होती. आणि लग्नाला चोवीस वर्षं झालेली, कुणाच्याही देखत आप्पांपुढे मोठ्याने न बोललेली माझी आई, शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“अहो, गाढव सापडलं की. विचारा आता त्याला, उद्या पोरीनं जायचं का नाही.”